मधला चौकोन

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर, फर्निचरच्या दुकानाच्या वर जितेश सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. जिन्यातल्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'वेब डिझाइन, इंटरमिजिएट'. म्हणजे ज्यांना थोडंफार येतं त्यांच्यासाठी. प्रत्यक्षात त्या बॅचमधल्या अकरा जणांपैकी नऊ जणांची गाडी माउस कुठल्या बोटाने दाबायचा इथेच अडली होती. बेसिकची बॅच भरली नाही म्हणून सरांनी सगळ्यांना उचलून वरच्या बॅचमध्ये बसवलं, आणि "मॅडम, टेन्शन नका घेऊ, हो जायेगा," असं म्हणून ते खाली चहा प्यायला गेले. हो जायेगा म्हणायला त्यांचं काय जातंय! शिकवायचं होतं अस्मिताला.

अस्मिता छत्तीस वर्षांची, बदलापुरात बेलवलीला राहणारी. आठ वर्षं तिने मुंबईतल्या एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट सजवल्या होत्या. कंपनीने माणसं कमी केली, त्यांत ती गेली, आणि आता ती इथे आठ जुन्या कॉम्प्युटरांपुढे अकरा जणांना शिकवत होती. शिकवायची मात्र जीव ओतून. वेबचं पान म्हणजे चौकोनांची मांडणी, ती सांगायची. आधी चौकोन नीट लावा, मग त्यांना नटवा. मार्जिन म्हणजे दोन घरांमधली गल्ली आणि पॅडिंग म्हणजे घरात भिंतीपासून पलंगापर्यंतची मोकळी जागा, हे तिने सांगितलं तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या चाळीत मार्जिन झीरो आहे." वर्ग हसला, तीही हसली, आणि मार्जिन सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं.

एका बाबतीत ती कडक होती. दाराशी तिने एक निळी प्लास्टिकची टोपली ठेवली होती. आत येताना प्रत्येकाने आपला मोबाइल त्यात टाकायचा आणि जाताना घ्यायचा. नाहीतर पोरं चौकोन सोडून रील बघत बसायची. जितेश सरांना ही टोपली फार आवडली होती. अस्मितालाही तिचा अभिमान होता, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो या टोपलीचाच.

बॅचमध्ये तेजल नावाची वीस वर्षांची मुलगी होती, अंबरनाथजवळच्या पालेगावची. तिलाही काही येत नव्हतं. पण बाकीचे फळ्यावरचं उतरवून घ्यायचे आणि ही विचारायची. "मॅडम, हा चौकोन मध्येच का बसला? डावीकडे का नाही गेला?" असे प्रश्न शिकवणाऱ्याला वर्षातून एकदा मिळतात. तिसऱ्या आठवड्यात अस्मिताने अंबरनाथमध्ये छोटं ऑफिस चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणीला फोन करून सांगून टाकलं, दोन महिने थांब, तुला एक मुलगी देते. कोणासाठी असा शब्द टाकायची तिची ही पहिलीच वेळ होती.

अडचण तेजलच्या वडिलांची होती. रघु पाटलांनी पोरीला क्लासला पाठवलं होतं ते मोठ्या मुलीचं, राजसीचं, लग्न होईपर्यंत. पुढचं पुढे बघू, म्हणाले होते. आता घराघरांत हे 'बघू' कसं असतं हे काय सांगायला हवं! म्हणून सराव म्हणून आपल्या घरासाठी एक पान बनवा असं अस्मिताने सांगितलं, तेव्हा तेजलने ताईची लग्नपत्रिकाच करायला घेतली. छापील पत्रिका फक्त देवापुढे ठेवायला आणि जवळच्या घरांत द्यायला. बाकी सगळ्या गावाला लिंक जाणार. हे पान बाबांच्या मनात भरलं की ते मला नोकरीला नाही म्हणणार नाहीत, ती अस्मिताला म्हणाली. तिचा सगळा डाव त्या एका पानावर होता.

आणि त्या पानावर आणखी एक ओझं होतं. रघूचे मोठे भाऊ धोंडिबा समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहत, पण नऊ वर्षं दोन्ही घरांत येणंजाणं नव्हतं. गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा रघु कमिटीत होता. देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसली, तिच्यावर पहिलं नाव रघूचं आणि चौथं धोंडिबाचं. मोठ्या भावाने पाटी वाचली, चपला घातल्या आणि तो परत त्या देवळात गेला नाही. हसू नका. माणसं याहून लहान गोष्टींवरून आयुष्यभर बोलायची थांबतात. आता राजसीच्या लग्नाच्या निमित्ताने द्रौपदीने, म्हणजे रघूच्या बायकोने, मध्ये पडून मोठ्या घराला राजी केलं होतं. राजसीला पहिली हळद गोजरबाई लावणार होत्या, धोंडिबाच्या बायको. राजसीने लहानपणी अर्धी जेवणं त्यांच्याच हातची जेवली होती. अट काही नव्हती. पण पत्रिकेवर दादाचं नाव मानाच्या जागी पाहिजे, हे रघु स्वतःच तेजलला तीन वेळा बोलला होता.

तेजलने ओळीने तीन चौकोन लावले. डावीकडे निमंत्रक म्हणून रघु आणि द्रौपदी. उजवीकडे मामांची मंडळी. आणि मधोमध, बाकी दोघांहून मोठा, केशरी किनारीचा चौकोन धोंडिबा आणि गोजरबाईंचा. अस्मिताचं स्वतःचं लग्न बदलापूरच्या बुद्धविहारात झालं होतं आणि पत्रिकेवर जेमतेम चार नावं होती. तरी मधली जागा मानाची हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने किनारीचा रंग थोडा गडद करायला सांगितला आणि म्हणाली, "मस्त झालंय. नेटवर टाक."

तो शनिवार होता. रघु पाटील स्वतः क्लासमध्ये आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि दाराशी टोपली दिसल्यावर त्यांनीही आपला मोबाइल तिच्यात ठेवला. तेजलच्या खुर्चीवर बसून ते मॉनिटरकडे बराच वेळ बघत राहिले. वर गणपती, खाली राजसीचं आणि नवऱ्या मुलाचं नाव, आणि त्याखाली तीन चौकोन.

"दादाचं नाव माझ्याहून मोठं हाय ना?"

"हो बाबा. बघा ना. आणि मध्ये आहे."

"मग बास." ते उठले. अस्मिताकडे वळून म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाय तुमची." आपल्या मुलीला त्यांनी 'तुमची' म्हटलं याचा अस्मिताला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाऊन तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं.

रघूंनी टोपलीतून मोबाइल उचलला आणि जिन्यातच लिंक सगळ्यांना पाठवली. नातेवाइकांचे ग्रुप, गावाचा ग्रुप, आणि सगळ्यांत आधी दादाला. नऊ वर्षांनी दादाला गेलेला पहिला मेसेज. त्यांनी स्वतः ती उघडून बघितली नाही. आत्ता तर डोळ्यांनी बघितली होती, परत कशाला बघायची? तेजलनेही बघितली नाही. आणि अस्मिता, जिने आठ वर्षं हेच काम केलं होतं, तीही टोपलीतून आपला फोन घेऊन घरी गेली. मोबाइलच्या पडद्यावर पान कसं दिसतं हा धडा पाचव्या आठवड्यात होता. तो चौथ्या आठवड्याचा शनिवार होता.

रविवारी सकाळी तेजलचा फोन आला.

"मॅडम, मोबाइलवर बाबा वर आहेत."

अस्मिताला क्षणात कळलं. मोबाइलचा पडदा अरुंद. तीन चौकोन शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून ते एकाखाली एक जातात, आणि डावीकडचा सगळ्यांत वर जातो. मॉनिटरवर मधोमध मानाने बसलेले धोंडिबा मोबाइलवर धाकट्या भावाच्या खाली गेले होते. आणि पालेगावात ती पत्रिका मॉनिटरवर बघणारा एकही माणूस नव्हता.

धोंडिबाच्या मुलाने मोबाइलवरच्या पत्रिकेचा फोटो काढून, रघूच्या नावाभोवती लाल गोल करून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, 'परत तेच'. दुपारपर्यंत कोणाला ती गंमत वाटली, कोणी हात जोडलेली चित्रं टाकली. रघु ओसरीत बसून प्रत्येकाला सांगत होता की मी स्वतः बघितलं होतं, दादा मध्येच होता. देवळाच्या पाटीच्या वेळी त्याने खरंच लबाडी केली होती, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारे चार जण होते. या वेळी तो खरं बोलत होता आणि एकाचाही विश्वास बसत नव्हता.

"तू शांत हो. मी उद्या नीट करते," अस्मिता म्हणाली. पण सोमवारी तिने पान उघडलं तर ते नीट झालेलं होतं. मोबाइलवर धोंडिबा सगळ्यांत वर, खाली रघु, खाली मामा. तेजलने रविवारी रात्रीच्या आत, मोबाइलवर व्हिडिओ बघून, अंगठ्याने एकेक अक्षर टाइप करून न शिकवलेला धडा स्वतःच शिकून घेतला होता. तेजल स्वतः मात्र क्लासला आली नाही.

दोन दिवस अस्मिताला अन्न गोड लागलं नाही. चूक पोरीची नव्हती, वडिलांची तर नव्हतीच. चूक तिची होती आणि ती कोणी तिच्या पदरात टाकत नव्हतं, याने तर ती जास्तच जळत होती. बुधवारी तिने लॅपटॉप खांद्याला लावला आणि रिक्षा करून पालेगावला गेली. धोंडिबांना समजावून सांगायचं, करून दाखवायचं. समजावून सांगणं हा तर तिचा धंदाच होता.

धोंडिबा सत्तरीच्या जवळचे. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा असूनही ते बाजेवर बसले होते. त्यांनी अस्मिताला सोफ्यावर बसवलं. गोजरबाईंनी पाणी आणलं आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, मी तेजलची शिक्षिका. चूक माझी आहे. मी शिकवायच्या आधी तिला पान टाकायला सांगितलं. तुमच्या भावाने तुमचं नाव मध्येच ठेवायला सांगितलं होतं, हे बघा." तिने लॅपटॉप उघडून जुनं पान दाखवलं. धोंडिबांनी चष्मा लावला. मधला केशरी चौकोन बघितला, आणि त्यांचा चेहरा थोडा सैलावला. अस्मिताला धीर आला. "आता मी ही खिडकी मोबाइलएवढी लहान करते. काय होतं बघा." तिने कोपरा धरून खिडकी आत ओढली. मधला चौकोन घसरला आणि रघूच्या खाली जाऊन बसला. "बघितलंत? हे यंत्र आपोआप करतं. कोणी मुद्दाम केलेलं नाही."

"परत करा," धोंडिबा म्हणाले.

तिने खिडकी मोठी केली. चौकोन वर आला, मध्ये बसला. लहान केली, खाली गेला.

"परत."

तिने परत केलं. चौथ्या वेळी कोपरा ओढताना तिचं बोट थबकलं. आपण काय करतोय हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. एका म्हाताऱ्या माणसाला ती त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर, त्याच्या धाकट्या भावाच्या खाली पुन्हा पुन्हा पाडून दाखवत होती.

धोंडिबांनी चष्मा काढला. "समजलं मला. म्हंजे जागा मोप असंल तर मी मधी. जागा कमी पडली का मी खाली."

"तसं नाही काका..."

"तसंच हाय बाई. तवा बी तो हेच बोलला होता. पाटी बारीक पडली, दादा, म्हणून तुझं नाव खाली गेलं. तवा दगड बारीक पडला, आता मोबाइल बारीक पडला. माझ्याच वख्ताला सगळं बारीक पडतंय." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अस्मिताने घाईघाईने आपला फोन काढला. "पण आता नीट केलंय. तुमच्या पुतणीने स्वतः केलं. हे बघा, तुम्ही वर आहात."

त्यांनी फोन हातात घेतला, बघितला, परत दिला. "किती वख्त लागला याला?"

"एक... दोन ओळी असतात."

"दगडावरचं खोडता येत नाय, एवढं तरी त्याचं बरं. हे तुमी दोन ओळींत वर करता, उद्या दोन ओळींत खाली करशाल. याला काय मान म्हणायचा?" मग म्हणाले, "तुमचा दोष नाय. चहा घेऊन जा."

अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली. जिन्यापर्यंत सोडायला गोजरबाई आल्या. त्यांनी तिचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "हळदीला नेसायचं लुगडं मी काढून ठेवलं होतं वो." एवढं बोलून त्या आत गेल्या. रिक्षात अस्मिता रडली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला.

हळद शनिवारी होती. त्याच सकाळी क्लासमध्ये अस्मिता पाचव्या आठवड्याचा धडा शिकवायला उभी राहिली. तिने सगळ्यांना मोबाइल घेऊन आत यायला सांगितलं. टोपली रिकामी होती आणि तेजलची खुर्चीही. "पान आधी मोबाइलवर बघायचं," ती म्हणाली. "लोक तिथेच बघतात. मी हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." दहा जणांनी वहीत उतरवून घेतलं: लोक तिथेच बघतात. मी हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्यांना काय, मॅडम बोलल्या की लिहायचं. तिला त्यांचाही राग आला, मग स्वतःचा आला, मग कसलाच येईना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, मी तेजल. आईच्या फोनवरून बोलतेय." मागे हळदीची गाणी दणाणत होती, बायकांचा कलकलाट होता. अस्मिता जिन्यात आली.

"आल्या का गं काकू?"

"नाही मॅडम. काका-काकू पहाटेच जेजुरीला गेले. घराला कुलूप आहे. पहिली हळद कल्याणच्या आत्याने लावली. ताई रडत होती, तर फोटोवाला म्हणाला, रडू नका, फोटो खराब येतील." "मॅडम, बाबांनी सांगितलंय ते पान काढून टाकायचं. आत्ताच. माझा मोबाइल त्यांनी कपाटात ठेवलाय, म्हणून तुम्हाला फोन केला."

"आणि क्लास?"

"नाही मॅडम."

"मी येऊन बोलते त्यांच्याशी. अंबरनाथला माझी मैत्रीण..."

"नको मॅडम." तेजल भराभर म्हणाली. "ते मला काही बोललेले नाहीत. एक शब्दही नाही. मामांना सांगत होते, हिचंही बघायला लागू या म्हणून. तुम्ही आलात तर... नको तुम्ही."

अस्मिता आत आली. फोन कानाला तसाच धरून तिने तेजलच्या खुर्चीवर बसून फाइल उघडली. पुसायच्या आधी तिने ती पहिल्यांदा नीट वाचली. सगळ्यात शेवटी रविवारच्या त्या ओळी होत्या, पडदा अरुंद झाला तर मधला चौकोन पहिला आणा, असं यंत्राला सांगणाऱ्या. आणि त्यांच्या वर एक शेरा होता. असा शेरा पानावर दिसत नाही, यंत्र तो वाचत नाही; पुढे फाइल उघडणाऱ्या माणसासाठी तो लिहायचा असतो. ही सवय अस्मितानेच सगळ्यांना लावली होती. तेजलने लिहिलं होतं:

'मोठे काका नेहमी पहिले. जागा कितीही कमी असली तरी.'

तिने ती ओळ तीन वेळा वाचली. बुधवारी याच फाइलचं पान तिच्या फोनवर, धोंडिबांच्या हातात होतं. तिने त्यांना चौकोन पुन्हा पुन्हा पाडून दाखवला. ही ओळ उघडून दाखवायचं तिला सुचलं नव्हतं. ती होती हेच तिला माहीत नव्हतं. आपल्या विद्यार्थिनीने केलेलं काम तिने नुसतं वरून बघितलं होतं आणि नीट आहे म्हणून सोडून दिलं होतं.

"मॅडम? आहात ना?"

"आहे."

"मॅडम, एक विचारू? मी ते शेवटी केलं होतं ना, काकांना वर आणायचं... ते बरोबर होतं का? व्हिडिओत बघून केलं होतं. तुम्ही काही बोललाच नाहीत."

समोर दहा जण आपापल्या मोबाइलवर आपापली पानं उघडून बसले होते.

"बरोबर होतं," ती म्हणाली. "एकदम बरोबर होतं, तेजल. माझ्यापेक्षा चांगलं केलंस."

"मग ठीक आहे," तेजल म्हणाली. तिच्या आवाजात क्षणभर जुनी तेजल होती, चौकोन मध्येच का बसला म्हणून विचारणारी. मागून कोणीतरी तिला हाक मारली. "आता काढा मॅडम."

अस्मिताने काढलं. यंत्राने एकदा विचारलं, नक्की का? तिने हो म्हटलं.

"गेलं का?"

"गेलं."

"बरं. बाबांना सांगते," असं म्हणून तेजलने फोन ठेवला.